विधिसंघर्षग्रस्त मुलांची व्यसनमुक्ती : मोबाइलचा आधार आणि विश्वासाचा प्रश्न

भिलाई (छत्तीसगढ) : कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांना अमली पदार्थांपासून दूर कसे ठेवायचे, हा देशातील बाल न्याय यंत्रणेपुढचा जुना आणि अवघड प्रश्न आहे. त्यावर अलीकडे एक नवा उपाय सुचविला जात आहे. दूरध्वनीवरून समुपदेशन, मोबाइलवर येणारे स्मरणसंदेश, व्यसनाच्या ओढीवर मात करण्याचे धडे देणारी ॲप अशी त्याची निरनिराळी रूपे आहेत. मनुष्यबळ अपुरे आणि मोबाइल मात्र घरोघर, अशा देशात हा उपाय आकर्षक वाटणे साहजिक आहे. तथापि तो नेमका कोणाच्या हाती द्यायचा आणि त्यातून जमा होणारी माहिती कोणी पाहायची, याचा निर्णय झाल्याखेरीज त्याचे भवितव्य सांगता येणार नाही. पोलादनगरी भिलाई आणि तिचे जिल्हास्थान दुर्ग येथील परिस्थितीच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

महाराष्ट्रातील वाचकांना हा विषय अपरिचित नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन चालकाच्या भरधाव मोटारीने दोन तरुणांचा बळी घेतला. त्या वेळी बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट देशभर टीकेचा विषय झाली. त्याच आदेशात मद्यपानाबाबत समुपदेशन घेण्याचीही अट होती. तिची चर्चा फारशी झाली नाही. अशा अटीचे पुढे काय होते, मुलगा समुपदेशकाकडे किती वेळा जातो, चौथ्या महिन्यात त्याची विचारपूस कोण करते, हे प्रश्न पुण्याइतकेच दुर्गलाही लागू आहेत.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयोगटात मद्यपान करणाऱ्यांचे देशातील प्रमाण १४.६ टक्के आढळले. छत्तीसगढमध्ये ते ३५.६ टक्के, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक होते. मुलांच्या बाबतीत अहवालातील एक निष्कर्ष विशेष चिंताजनक आहे. चिकटद्रव्य, थिनर यांसारखे हुंगण्याचे पदार्थ वापरण्याचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. सर्व नशांपैकी हीच एक नशा अशी, की जिच्यात मुले मोठ्यांच्या पुढे आहेत. ती स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि तिच्यासाठी कोणत्याही टोळीशी संबंध असावा लागत नाही.

त्यापूर्वी २०१३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने नशा करणाऱ्या ४,०२४ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. तंबाखू आणि हुंगण्याचे पदार्थ यांची सुरुवात सरासरी बाराव्या वर्षाच्या सुमारास, तर गांजा व दारूची तेराव्या वर्षानंतर होते, असे तीत दिसून आले. म्हणजे सोळाव्या वर्षी जो मुलगा बाल न्याय मंडळासमोर उभा राहतो, त्याच्या व्यसनाला तोवर तीन-चार वर्षे उलटून गेलेली असू शकतात. उपचारांची स्थिती तर त्याहून बिकट आहे. २०१९ च्या अहवालानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाले होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात अल्पवयीनांविरुद्ध ३० हजारांहून अधिक गुन्हे नोंदविले गेले. त्यांत पकडली गेलेली बहुतांश मुले आई-वडिलांसोबत राहणारी होती. प्रकरण संपल्यावर ही मुले त्याच घरी, त्याच गल्लीत आणि त्याच मित्रांत परततात. या विषयाचे सारे मर्म येथे आहे.

पोलादनगरीच्या सीमेवर

सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून लोक येथे कामाला आले, शेजारच्या विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. कारखान्याची वसाहत सेक्टरांत आखलेली असून रुंद रस्ते, शाळा आणि मोठे रुग्णालय तिला लाभले आहे. कंत्राटी कामगार, हातावर पोट असणारे आणि लहान कारखान्यांत राबणारे लोक मात्र प्रामुख्याने कॅम्प, खुर्सीपार, सुपेला अशा दाट वस्त्यांत राहतात. एकाच शहराच्या या दोन बाजूंमध्ये वाढणाऱ्या मुलांना मिळणारी संधी सारखी नाही आणि चूक झाल्यावर सावरून घेणारे हातही सारखे नाहीत.

भौगोलिक स्थानाचाही यात वाटा आहे. रायपूर, दुर्ग, राजनांदगाव असा नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ आणि मुंबई-हावडा लोहमार्ग हे दोन्ही या पट्ट्यातून जातात. ओडिशाच्या दक्षिण भागातून निघणारा गांजा छत्तीसगढमार्गे विदर्भ व उत्तर भारताकडे नेला जातो, हे पोलिसांच्या वारंवार होणाऱ्या कारवायांतून स्पष्ट झाले आहे. त्याखेरीज झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांचा नशेसाठी होणारा वापर मध्य भारतातील शहरांना नवा नाही.

दुर्ग जिल्ह्यातील विधिसंघर्षग्रस्त मुलांना चौकशीच्या काळात दुर्ग शहराच्या पुलगाव भागातील निरीक्षणगृहात ठेवले जाते. तेथील भाषेत त्याला बाल संप्रेक्षण गृह म्हणतात. चौकशी प्रलंबित असताना राहण्याचे हे तात्पुरते ठिकाण आहे. जामीन मिळाला की मूल घरी जाते. निरीक्षणगृहात असेपर्यंत मुलांना मोबाइल बाळगता येत नाही, मात्र तेथे समुपदेशक असतो आणि नशेचे पदार्थही दूर असतात. बाहेर पडल्यावर मोबाइल हाती येतो, नशाही आवाक्यात येते आणि समुपदेशक मात्र मागे राहतो. डिजिटल साधनांची उपयुक्तता तपासायची, तर या दुसऱ्या टप्प्यावरच तपासायला हवी.

कायद्यात तरतूद, व्यवहारात खंड

कायदा या बाबतीत उदासीन आहे, असे म्हणता येणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ अन्वये मंडळ मुलाला व्यसनमुक्ती कार्यक्रम पूर्ण करण्याचा आदेश देऊ शकते. व्यसनाने ज्याचे वर्तन बदलले आहे, अशा मुलाला उपचारकेंद्रात हलविण्याची सोय कलम ९३ मध्ये आहे. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्यास कलम ७७ अन्वये, तर त्याच्याकरवी अशा पदार्थांची विक्री वा वाहतूक करवून घेणाऱ्यास कलम ७८ अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल सादर करावा, अशी अपेक्षा आहे. त्या अहवालात घर, शाळा आणि संगत यांच्याबरोबर व्यसनाचीही नोंद होते. सर्वोच्च न्यायालयानेही १४ डिसेंबर २०१६ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर निर्णय देताना मुलांमधील व्यसनांची राष्ट्रीय पाहणी आणि राष्ट्रीय कृतियोजना करण्याचे निर्देश केंद्राला दिले होते.

उणीव आहे ती सातत्याची. व्यसन सोडविणे ही एका आदेशाने किंवा एका भेटीने साधणारी गोष्ट नव्हे. सोडणे, पुन्हा घसरणे आणि पुन्हा उभे राहणे या चक्रातून बहुतेक रुग्ण जातात. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्था उपचारांनंतरच्या पाठपुराव्यावर भर देतात, त्यामागे हाच अनुभव आहे. न्यायालयीन प्रक्रियेचे घड्याळ मात्र वेगळे चालते. चौकशीचा कालावधी साधारण चार महिन्यांचा असतो, तारखा पडतात, अहवाल सादर होतो आणि फाइल बंद होते. मुलाची खरी परीक्षा फाइल बंद झाल्यानंतर सुरू होते.

उपलब्ध साधने

या खंडित धाग्याची टोके जोडण्यासाठी देशात काही सार्वजनिक साधने उपलब्ध आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मानसिक आरोग्याचा सल्ला देते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना मोबाइल संदेशांद्वारे मदत करणारा केंद्र सरकारचा उपक्रम २०१६ पासून लोकांसमोर आहे. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने छत्तीसगढमधील सरकारी डॉक्टरांना दूरसंवादाद्वारे मानसोपचाराचे प्रशिक्षण दिले आहे. जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञांची वाण असताना ही पद्धत मोलाची ठरते.

गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेचे काम या संदर्भात आवर्जून पाहण्याजोगे आहे. शाळकरी मुलांना आपल्या अडचणी टप्प्याटप्प्याने सोडविता याव्यात, यासाठी या संस्थेने मोबाइलवरील एक खेळ तयार केला आणि गोवा व दिल्लीतील शाळांत त्याची चाचणी घेतली. या खेळाबरोबर समुपदेशकाचा आधारही ठेवण्यात आला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. याच संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांवर केलेला प्रयोग ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर नसलेल्या, थोडक्या प्रशिक्षणाने तयार झालेल्या समुपदेशकांनी मोजक्या भेटींत सल्ला दिला. तीन महिन्यांनंतर त्यांच्या गटातील ३६ टक्के पुरुषांचे मद्यपान धोक्याच्या पातळीखाली आले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. या निष्कर्षाचा अर्थ स्पष्ट आहे. दुसऱ्या टोकाला माणूस हवा, मात्र तो तज्ज्ञच असला पाहिजे असे नाही.

केवळ तंत्रावर विसंबण्याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. व्यसनाधीन रुग्णांसाठी डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून देण्याच्या ‘रीसेट’ या ॲपला तेथील अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली. ती अठरा वर्षांवरील रुग्णांसाठी आणि प्रत्यक्ष उपचारांना पूरक म्हणूनच होती. ॲप तयार करणाऱ्या ‘पेअर थेरप्युटिक्स’ कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. विमा कंपन्यांनी पुरेसा खर्च उचलला नाही, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. ज्या साधनावर एखाद्या मुलाचे सावरणे अवलंबून आहे, ते बाजाराच्या गणितावर उभे असेल तर काय होते, याचा हा धडा आहे.

मुलगा, मोबाइल आणि मंडळ

वर उल्लेखिलेली बहुतेक साधने स्वेच्छेने मदत मागणाऱ्या प्रौढांसाठी किंवा शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आखलेली आहेत. विधिसंघर्षग्रस्त मुलगा या दोन्ही वर्गांत सहजी बसत नाही. त्याने शाळा अनेकदा सोडलेली असते, लांबलचक मजकूर वाचण्याची सवय त्याला नसते आणि तो मदत मागण्यासाठी आलेला नसून त्याला आणले गेलेले असते.

त्याच्याकडे स्वतःचा मोबाइल असतोच असेही नाही. ‘असर’च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वर्षांच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असणाऱ्या मुलांचे प्रमाण ४३.७ टक्के, तर मुलींचे १९.८ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार छत्तीसगढमध्ये स्वतः वापरता येईल असा मोबाइल जेमतेम ४१ टक्के स्त्रियांकडे होता. म्हणजे फोन बहुधा वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा असतो. अशा फोनवर ‘आज नशा केलीस का?’ असा संदेश रात्री नऊ वाजता आला, तर त्याचे परिणाम घरात काय होतील, याची कल्पना करणे कठीण नाही. वडील स्वतः पिणारे असतील, तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो.

मात्र सर्वांत मोठा पेच विश्वासाचा आहे. व्यसनोपचारात रुग्णाने खरे बोलणे हा पहिला टप्पा मानला जातो. ‘परवा पुन्हा घेतली’ असे जो सांगू शकतो, त्यालाच मदत करता येते. न्याययंत्रणेसमोर उभ्या असलेल्या मुलाला मात्र खरे बोलण्याची भीती वाटते, कारण त्याचे शब्द परिविक्षा अधिकाऱ्यामार्फत मंडळापर्यंत आणि तेथून कदाचित पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतील, असे त्याला वाटते. ॲपमध्ये नोंदविलेली घसरण मंडळाच्या फाइलीत गेली, तर पुढच्या वेळी तो खोटी नोंद करील. मग साधन चालू राहील, आलेखही सुंदर दिसतील आणि उपचार मात्र संपलेले असतील.

कायद्याचा कल या बाबतीत मुलाच्या बाजूने आहे. बाल न्याय अधिनियमाच्या मूलतत्त्वांत खासगीपणाचा आणि नव्याने सुरुवात करण्याचा हक्क समाविष्ट आहे. कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते, तर काही गंभीर प्रकरणे वगळता विहित मुदतीनंतर नोंदी नष्ट कराव्यात, असे कलम २४ सांगते. खासगी कंपनीच्या संगणकात साठलेली माहिती या तरतुदीनुसार नष्ट झाली की नाही, याची खात्री कोण करणार? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानतो आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मज्जाव करतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत आरोग्यसंस्थांना मुलाच्या आरोग्यरक्षणापुरती सूट आहे. ही सूट उपचारांसाठी गरजेचीच आहे. तथापि तिच्या आडून पाळत सुरू होऊ नये, याची दक्षता घ्यावी लागेल.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा ८ जुलै २०२४ चा निर्णय मार्गदर्शक आहे. अमली पदार्थांच्या एका खटल्यात जामिनावर सुटलेल्या आरोपीने गुगल नकाशावर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी व्यवस्था करावी, ही अट न्यायालयाने खासगीपणाचा भंग करणारी ठरवून रद्द केली. जे प्रौढ आरोपीवर लादता येत नाही, ते उपचाराच्या नावाखाली मुलावर लादणे समर्थनीय ठरणार नाही.

भिलाईला काय शक्य आहे?

या शहराजवळ काही जमेच्या बाजू आहेत. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी भिलाईच्या कायमस्वरूपी संकुलाचे लोकार्पण फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचे मोठे रुग्णालय आहे. बाल न्याय मंडळ आणि निरीक्षणगृह दुर्गमध्ये, म्हणजे हाकेच्या अंतरावर आहेत. या संस्थांनी एकत्र येण्याचे ठरविल्यास फार खर्चिक नसलेला प्रयोग उभा राहू शकतो. मात्र त्यासाठी काही पथ्ये आधीच निश्चित करावी लागतील.

पहिले पथ्य असे, की ओळख आधी आणि फोन नंतर. मूल निरीक्षणगृहात असतानाच समुपदेशकाने त्याच्याशी प्रत्यक्ष नाते जोडावे आणि सुटकेनंतर तोच आवाज त्याला फोनवर ऐकू यावा. अनोळखी मदतवाहिनीला फोन करणारी मुले थोडी. ओळखीच्या दादाचा वा ताईचा फोन उचलणारी मात्र बरीच असतात.

दुसरे, भाषा आणि माध्यम. शाळेची भाषा हिंदी असली, तरी या भागातील असंख्य घरांत छत्तीसगढी बोलली जाते. लिखित मजकुराऐवजी छत्तीसगढीतील छोटे ध्वनिसंदेश अधिक उपयोगी पडतील. साध्या फोनवरही ते ऐकता येतात. सामायिक फोन लक्षात घेऊन संदेशात नशेचा उल्लेखही टाळता येईल. ‘उद्या पाच वाजता बोलू’ एवढे पुरेसे आहे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य माहितीच्या वाटपाचे. मुलगा ठरलेल्या संवादांना हजर राहिला की नाही, एवढेच मंडळाला कळावे. त्याने काय सांगितले, ते समुपदेशकापाशीच राहावे. जिवाला धोका असल्यास किंवा कोणी मुलाचा गैरवापर करीत असल्यास अपवाद करावा लागेल, आणि तो अपवाद कोणता, हे मुलाला पहिल्याच दिवशी स्वच्छ शब्दांत सांगितले जावे. घसरण ही आदेशाचा भंग न मानता उपचारांतील एक घटना मानण्याचे मंडळाने मान्य केले, तरच मुले खरे बोलू लागतील.

चौथे, साधनाची मालकी सार्वजनिक असावी आणि मोजमाप प्रामाणिक असावे. ॲप किती जणांनी उतरवून घेतले, ही संख्या यशाचा पुरावा नव्हे. सहा महिन्यांनी किती मुले संपर्कात आहेत, किती शाळेत वा कामाला लागली, किती पुन्हा मंडळासमोर आली, हे पाहावे लागेल. डिजिटल उपायांचा परिणाम सहसा मर्यादित असतो आणि ते मध्येच सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी असते, असा जगभरातील संशोधनाचा कल आहे. ही मर्यादा मान्य करून केलेला प्रयोगच टिकाऊ ठरेल.

अखेरीस, मोबाइल ही यंत्रणेतील रिकाम्या जागा झाकण्याची सोय ठरू नये. समुपदेशकाचे पद रिक्त ठेवून त्याजागी ॲप देणे, हा काटकसरीचा मोह प्रशासनाला होऊ शकतो. त्या वाटेने गेल्यास मुलाच्या हाती आणखी एक पडदा येईल, माणूस मात्र येणार नाही. उलटपक्षी, एका परिविक्षा अधिकाऱ्याला आणि एका समुपदेशकाला सुटकेनंतरच्या सहा महिन्यांत वीस मुलांशी दर आठवड्याला बोलता आले, तर त्या फोनचे मोल मोठे आहे. अमली पदार्थ विकणारे या मुलांच्या संपर्कात रोज असतात. त्यांना मुलाचा क्रमांकही ठाऊक असतो आणि त्याच्या एकटेपणाची वेळही. शासनाने त्या क्रमांकावर कोणत्या नात्याने फोन करायचा, पहारेकऱ्याच्या की पालकाच्या, हे आता ठरवायचे आहे.